चौदा राजीनामे माझ्या अक्षरात

"जरा बगल से खड़ी होइए."

मी वळले. सांगितलं तशी वळले, एका अंगावर. केबिनमध्ये मॅनेजरसाहेब होते आणि माल बघायला आलेले दोन व्यापारी. तिघांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. सहावा महिना होता. साहेबांनी हातातलं पेन माझ्या पोटाच्या रोखानं हलवलं आणि म्हणाले, "मैडम, यह फैक्ट्री है, जच्चाखाना नहीं."

बाळंतघराचं नाव ऐकून व्यापारी हसले. मीसुद्धा हसले. त्यांच्या हसण्याचं मला आता काही वाटत नाही, माझ्या हसण्याची लाज अजून जात नाही.

लखनौत अपमानसुद्धा 'आप' म्हणून करतात. शिवी दिली असती तर निदान उलट बोलता आलं असतं.

ही नव्वदीतली गोष्ट. लखनौबाहेर चिनहटला टीव्हीसाठी तारेच्या कॉइल गुंडाळायचा कारखाना होता. आम्ही तीसेक बाया. माझे वडील साताऱ्याकडचे, फौजेत होते, रिटायर होऊन लखनौतच राहिले. लग्नही इथल्याच मराठी घरात झालं. विकास नगरहून दोन टेम्पो बदलून मी कामावर यायची.

त्या दिवशी मी बाळंतपणाच्या रजेचा अर्ज घेऊन गेले होते. साहेबांनी तो वाचलाही नाही. ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

"आपका इस्तीफा. कल मंजूर हो गया."

'मैं अपनी इच्छा से, घरेलू कारणों से, नौकरी छोड़ रही हूँ.' अक्षर माझं. सही माझी. तारीख तेवढी दुसऱ्याच्या हातची, ताज्या निळ्या शाईतली.

तिथली रीतच होती. नोकरीवर घेतानाच राजीनामा लिहून घ्यायचे, तारखेची जागा कोरी ठेवून. "बस, कायदा है यहाँ का," असं म्हणायचे, आणि नोकरीची गरज असलेली बाई मुकाट्यानं सही करायची. मीही केली. पण मी एवढ्यावर थांबले नाही. माझं हिंदी अक्षर वळणदार. ज्या बायांना लिहिता येत नव्हतं त्यांचे राजीनामे साहेब माझ्याकडून लिहवून घ्यायचे. मी लिहायची, त्या खाली अंगठा उठवायच्या. तेवढा वेळ मशीनवरून सुटका, वर ऑफिसातला चहा. चार वर्षांत चौदा लिहिले. आणि मला त्याचा तोरा होता! बाकीच्या तारा गुंडाळतात, मला साहेब ऑफिसात बोलावतात.

चौकीदारानं मला डबा आणायलाही आत सोडलं नाही. फैजाबाद रोडवर उभी राहिले. टेम्पो येत होते, जात होते, मी चढत नव्हते.

घरी जीव थाऱ्यावर राहिना. कणीक मळायला घेतली आणि अर्धवट टाकली. बसले की उठायची, उठले की कुठे जायचं ते कळायचं नाही. डोळ्यांपुढे माझंच अक्षर. आणि रामरती दीदी.

रामरती शेजारच्या मशीनवर होती. आदल्या वर्षी तिच्या बोटात तार घुसली, हात सुजला, आठ दिवस घरी राहिली. परत आली तर फाटकावर तिचा 'राजीनामा' तयार. तो मीच लिहिलेला. मला सगळं ठाऊक होतं, आणि मी खाली मान घालून कॉइल गुंडाळत राहिले होते.

दुसऱ्या दिवशी तिचं घर शोधत गेले. तिनं बसायला खाट दिली, गूळपाणी दिलं. मी म्हटलं, "दीदी, वह कागज मैंने लिखा था."

"जानित है बिटिया," ती म्हणाली. "तुम्हार लिखावट बहुत नीक रही."

माझ्या अक्षराचं कौतुकच होतं ते, टोमणा नव्हता. एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मग तिनंच सांगितलं, की ती लेबर ऑफिसात गेली होती. "बाबू बोले, अँगूठा तुम्हार है, तो है." कागद जुना आहे हे सांगणारं कुणी नव्हतं. म्हणजे मी नव्हते.

मी लेबर ऑफिसात तक्रार दिली. साहेब माझा कागद घेऊन हजर झाले. अधिकाऱ्यांनी कायदा वाचून दाखवला. पोटुशी बाईला बारा आठवडे पगारी रजा, तिला त्यासाठी कामावरून काढता येत नाही. कायदा होता! मी पोट दाखवत उभी होते तेव्हाही होता.

"लेकिन आपने तो खुद लिखा है," अधिकारी म्हणाले.

मी कागद हातात घेतला. सही बघितली. पूर्ण नावाची सही, मधे वडिलांचं नाव. आमच्यात मुलीच्या नावामधे वडिलांचं नाव लागतं, लग्नानंतर तिथं नवऱ्याचं येतं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून हजेरीवर रोज नवऱ्याच्या नावाची सही. मग गेल्या आठवड्यातल्या राजीनाम्यावर लग्नाआधीची सही कशी?

मी हे बोलून दाखवलं तसं अधिकाऱ्यांनी हजेरीचं रजिस्टर मागवलं. साहेब पुटपुटले, "बीच का नाम कौन पढ़ता है."

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "सोमवार से आ जाइए. छुट्टी भी मिलेगी. बस, बात यहीं खत्म कीजिए. बाकी औरतों से आपको क्या?"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सोबत नवरा होता, तो म्हणाला, "परत घेतायत ना? मग सोड की. ते सगळं तुझ्या हातानं लिहिलंयस. तूच अडकशील."

खरं होतं त्याचं. अडकले असते. अजूनही अडकेन. पण 'आपको क्या' हे मी चार वर्षं स्वतःलाच सांगत आले होते, चहा पिता पिता.

मी आत गेले. अधिकाऱ्यांकडे कोरा कागद मागितला. लिहिलं, की चौदा बायांचे राजीनामे माझ्या अक्षरातले आहेत, नोकरीच्या पहिल्या दिवशी लिहून घेतलेले आहेत, एकीनंही आपल्या मर्जीनं काम सोडलेलं नाही. ज्या निघाल्या त्यांना परत घ्या, ज्या आत आहेत त्यांचे कागद फाडा. तोवर मी त्या फाटकातून आत पाऊल ठेवणार नाही.

तेच वळणदार अक्षर. या वेळी सगळ्यात आधी तारीख घातली. मग नावं. पहिलं रामरतीचं.