केळीच्या बागेतली रिकामी खुर्ची

जळगावला उतरलो तेव्हा फलाट तव्यासारखा तापला होता. माझ्या ऑफिसातल्या मित्राची आई, अक्का, चोपड्याकडे केळी पिकवतात. आम्हा सातारकरांना केळी दिसतात ती गाडीवर, म्हणून बाग बघायची हौस. एसटीत शेजारच्या आबांनी आधी माझं गाव विचारलं, मग आडनाव, आणि त्यावरून मी काय काम करत असेन ते स्वतःच सांगून टाकलं. अंदाज साफ चुकला होता, पण त्यांनी ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

सकाळी बागेत कापणी सुरू होती. घड कापणारे आणि वाहणारे सगळे सातपुड्यातले पावरा आदिवासी. कुठला घड कुठल्या ढिगात ठेवायचा, हे खुर्चीत बसून सांगणारा मुकादम मात्र नेहमी अक्कांच्या नात्यातला. असं का, म्हणून विचारलं तर अक्का म्हणाल्या, पहिल्यापासून असंच शे (आहे).

त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. जुना मुकादम सुरतेला नोकरीला गेला होता आणि नात्यातला दुसरा कोणी मिळत नव्हता. मी वेळ घालवायला एक घड उचलला.

"हाई तुमनं काम नई शे, भाऊ," (हे तुमचं काम नाही) अक्का म्हणाल्या.

तोवर मी घडासकट चिखलात होतो. टोळीतल्या नानसिंगने आधी घड तपासला, मग मला. नानसिंग बी.ए. झालेला. मुकादमाचं काम त्याने तीनदा मागितलं होतं. व्यापाऱ्याला तुमच्यातला माणूस चालणार नाही, असं उत्तर मिळालं होतं.

मला खोडी सुचली. मी म्हणालो, "आज तुम्ही खुर्चीत बसा. तुमचे घड मी वाहतो."

त्याने अक्कांकडे पाहिलं. सकाळपासून खोळंबलेल्या अक्कांनी मान हलवली.

दुपारी व्यापारी आला. चिखलाने माखलेल्या मला त्याने गाडीतून पाण्याची बाटली आणायला पाठवलं आणि नानसिंगशी अहो-जाहो करत बोलू लागला. त्याने नानसिंगला आधी कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण घडाखाली. ढीग छान लागलेत म्हणाला, नाव विचारलं.

"नानसिंग पावरा."

व्यापारी अक्कांकडे वळला. हा इथे कसा, असं त्याने हळूच विचारलं.

"बठ्ठा माल त्याना हातना शे," अक्का म्हणाल्या. (सगळा माल त्याच्या हातचा आहे.) "नको व्हई ते राहू द्या." (नको असेल तर राहू द्या.)

व्यापारी ढिगाभोवती एक चक्कर मारून आला आणि माल भरा म्हणाला. दुसऱ्या दिवसापासूनही नानसिंगनेच यायचं, हे अक्कांनी तिथेच सांगून टाकलं. नानसिंग हसला नाही. त्याने फक्त खुर्ची सावलीत ओढून घेतली.

मग आम्ही अक्कांच्या घरी जेवायला गेलो. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि वांग्याचं भरीत. व्यापाऱ्याला आणि मला आत पाट मांडले होते. नानसिंगचं ताट बाहेर ओट्यावर गेलं. मी भरीत दोनदा मागून घेतलं.

परतीच्या गाडीत मित्राचा फोन आला. मी खुर्चीची हकीकत रंगवून सांगितली, तो पोट धरून हसला. ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसायला मला कोणी अडवलं नव्हतं. तेवढं त्याला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.