दालेत की रेश

आम्हां बेने इस्राएली, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू लोकांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटाएवढी एक लाकडी नळी असते. तिला मेझुझा म्हणतात. आत कमावलेल्या कातड्याची गुंडाळी, तिच्यावर हाताने लिहिलेला तोरा या आमच्या धर्मग्रंथातला हिब्रू मजकूर. जनावरांची डॉक्टर म्हणून माझी घाटनांदूरला बदली झाली, नवऱ्याला परळीला नोकरी मिळाली, आणि भाड्याच्या घराला मी सगळ्यात आधी ही नळी बसवली. माझ्या लग्नात वडिलांनी दिलेली. ते गेल्यावर तर येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना टेकवली की बरं वाटायचं.

शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "म्याडम, ह्ये काय हाय वो? नजरंचं हाय का?"

"देवाचं नाव आहे, काकू."

"मंग लई चांगलं हाय," म्हणाल्या आणि त्याही हात जोडू लागल्या.

ही गुंडाळी अधूनमधून तपासून घ्यावी लागते. शाई तडकते, उडते. एक अक्षर बिघडलं तरी अख्खी गुंडाळी बाद. डागडुजी चालत नाही, कारण अक्षरं क्रमानेच लिहायची असतात, मागाहून घुसवता येत नाहीत. पण इथे तपासणार कोण? गेल्या उन्हाळ्यात ठाण्याचे माझे मामा राहायला आले. तरुणपणी इस्राएलमध्ये ते हेच काम शिकलेले. मी नळी उतरवून त्यांच्यापुढे ठेवली.

ओसरीवर पांढरं फडकं अंथरून, भिंग धरून मामा अक्षरं बघू लागले. काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. पहिल्याच ओळीत मामा थांबले.

"पोरी, हे बघ."

'देव एक आहे' यातल्या 'एक' या शब्दाचं शेवटचं अक्षर, दालेत. त्याचा कोपरा झिजला होता. कोपरा नसेल तर त्याचं रेश हे वेगळंच अक्षर होतं, आणि 'एक'चा होतो 'दुसरा'.

"म्हणजे बाद?" मी विचारलं.

"मला ठरवता येणार नाही. वाक्य पाठ आहे, त्यामुळे मला दालेतच दिसणार. याला लहान मूल लागतं. अक्षरं ओळखणारं, पण वाचता न येणारं."

माझी पाच वर्षांची मुलगी काकूंच्या वासराशी खेळत होती. तिला मी हिब्रू अक्षरं गंमत म्हणून शिकवली होती. तिला हाक मारली. मामांनी आजूबाजूची अक्षरं कागदाने झाकली आणि मला म्हणाले, "तू तिकडे तोंड कर."

मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

"बाळ, हे कोणतं अक्षर?"

काकूंचा शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

"दालेत," मुलगी म्हणाली. "पण त्याचं कोपर खरचटलंय."

"झालं! चालतंय!" मामा म्हणाले. मी वळले तेव्हा मला समोरचं नीट दिसत नव्हतं. मग त्यांनी उरलेला मजकूर शेवटपर्यंत पाहिला, गुंडाळी योग्य असल्याचं चिठ्ठीवर लिहून सही केली. संध्याकाळी आशीर्वादाची प्रार्थना म्हणत मी वडिलांची नळी पुन्हा बसवली.

दुसऱ्या दिवशी निघणारे मामा आठवडाभर राहिले. मुलीला अक्षरं जोडून वाचायला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं.

"एकच अडचण," ते म्हणाले. "हिला वाचता यायला लागलं की पुढच्या तपासणीला हिला विचारता येणार नाही."

"त्यात काय आवघड हाय?" काकू म्हणाल्या. "म्याडमनी आणिक एक लेकरू आणावं!"

मामा खो खो हसत सुटले. मी चहा ठेवायचं निमित्त करून आत पळाले.