भिंगरीच्या टाचेखाली

त्या बाजारात बूट दुरुस्त करणारे पुष्कळ होते, पण ज्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे त्याला सगळे एकाच दुकानाकडे बोट दाखवायचे. टाचवाले काका. आखूड पायाच्या बुटात आतून कॉर्कचा तुकडा बसवायचा, रापीने त्याच्या कडा पातळ करत न्यायच्या, वरून मऊ कातडं चिकटवायचं, की लंगडत आलेला माणूस ताठ चालत बाहेर पडायचा. प्रत्येकाला काका एकच बजावायचे, "चाला, फिरा, खुशाल जिने चढा. फक्त याच्यावर धावू नका."

स्वतः काका मात्र उंचीला बेताचेच. बायको त्यांच्याहून चांगली चार बोटं वर. लग्नाच्या फोटोत काका पायरीवर आणि ती खाली उभी आहे, ही गोष्ट तिने ज्याला ऐकवली नाही असा पाहुणा त्या घरात आला नसेल. एकुलती एक लेक झाली, ती नेमकी बापाच्या मापाची.

"देव साचा निवडत होता तेव्हा माझा डोळा लागला असणार," बायको म्हणायची.

काका हसायचे. पण लेकीने कॉलेजात बास्केटबॉल धरला आणि ते हसणं जरा कोरडं पडलं. जगात इतके खेळ असताना पोरीने टोपली वर टांगलेला खेळ निवडावा! ती गार्ड खेळायची. म्हणजे चेंडू आपल्या बाजूने पुढे घेऊन जायचा, समोरच्यांना चकवायचं आणि कोणाच्या हाती द्यायचा ते पळता पळता ठरवायचं. मैत्रिणी तिला भिंगरी म्हणत. दोन वर्षं ती राखीव म्हणून बाकावर बसली होती. हे शेवटचं वर्ष. यंदा संघात आली तर आली, नाहीतर ज्यासाठी ती रोज सगळ्यांच्या आधी उठत होती ते संपलंच.

निवडीच्या आदल्या दिवशी शेजारचा न्हावी दुकानात डोकावला. कॉलेजचे खेळाचे सर त्याच्याकडे केस कापून गेले होते.

"काका, सर म्हणत होते, यंदा मला उंची हवी. गेल्या वर्षी उंचीनेच मार खाल्ला म्हणे."

"गार्डबद्दल म्हणाले?"

"आता ते मी कुठे विचारू? कानाजवळ वस्तरा होता. पण उंची म्हणजे उंची."

"आमची चपळ आहे."

"असेल हो. मांजरही चपळ असतं. शिंक्यातलं लोणी कोण काढतं? ज्याचा हात पुरतो तो."

न्हावी हसत निघून गेला, काकांच्या हातातली रापी मात्र थांबली ती थांबलीच. आयुष्यभर परक्यांचे पाय सारखे केले, आणि स्वतःच्या लेकीला द्यायला आपल्याकडे काय आहे? त्यांनी कॉर्कचा सगळ्यात चांगला तुकडा काढला.

सर उंची मोजायचे ती बूट घालूनच. म्हणायचे, मैदानात अनवाणी कोण खेळतं? मोजमाप झालं की मुली पाणी प्यायला जात आणि मग पळण्याची चाचणी होई. एवढा वेळ पुरेसा होता.

"बाबा, हे काय?" लेकीने बुटात पाय घालून पाहिला. "टाच वरच राहते. पाय बुटात बसतच नाही."

"मोजेपर्यंतच गं. भिंतीपासून बाजूला झालीस की काढून टाक. कातडं चिकटवलेलं नाही, नुसतं ठेवलंय."

"आणि कळलं तर?"

"माझं काम आजवर कोणाला कळलंय?"

बायको दिव्याची वात सारखी करत होती. मान न वळवता म्हणाली, "अहो, हात जोडायचे तर देवाला जोडा. कॉर्कला काय जोडताय?"

"देवाने दिली असती उंची तर जोडले असते."

"असं बोलू नये," ती म्हणाली, आणि दोघांच्या वाटचे हात तिनेच जोडले.

दुसऱ्या दिवशी काका दुकान बंद ठेवून कॉलेजच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसले. हॉलच्या दारात शिपाई परीक्षेची बाकं रचत होते. दुपारनंतर हॉल रिकामा करून द्यायचा होता, म्हणून सर घाईत होते. लेक भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सरांनी डोक्यावर पट्टी टेकवली, आकडा वाचला आणि भुवया उंचावल्या.

"अरे वा! वाढलीस की! चल, लगेच रेषेवर. आज पाणीबिणी नंतर. एकेक मुलगी मोजून थेट पळवतोय."

लेकीने मान वळवून बापाकडे पाहिलं. काका अर्धवट उठले. हाताने खुणावलं, काढ, बूट काढ! पण काढणार कुठे? सर शेजारी उभे होते, मुलींची रांग लागली होती. ती नाडी बांधायचं निमित्त करून खाली वाकली, तेवढ्यात शिट्टी वाजली.

सरळ धावेत तिने वेळ मारून नेली. पण जमिनीवर ओळीने मांडलेल्या शंकूंपाशी वळायचं आलं, तशी टाच बुटातून वर निसटली. पुन्हा वळली, पुन्हा निसटली. जी पोर स्वयंपाकघराच्या दारात आईला चकवून निसटायची, ती एकेक शंकू म्हातारीसारखा जपून ओलांडत होती. काकांना तिचं प्रत्येक वळण आधीच दिसत होतं, कारण त्या कॉर्कचा उतार त्यांनीच तासला होता. ज्या गोष्टीची सूचना गिऱ्हाइकाला दिल्याशिवाय बूट हातात ठेवला नाही, ती घरच्या पोरीला सांगायची राहिली. देवा, एवढं एक वळण सांभाळ, ते मनात म्हणाले. देवाने सांभाळलं, ती पडली नाही. पण वेळ निघून गेली होती.

यादी वाचली गेली. तिचं नाव नव्हतं.

बाहेर व्हरांड्याच्या कोपऱ्यात तिने बूट काढले आणि कॉर्कचे तुकडे बापाच्या हातात ठेवले.

"मी सांगतो सरांना," काका म्हणाले. "चूक माझी. पुन्हा पळवा म्हणतो. पाया पडतो हवं तर."

"काय सांगणार? पोरगी टाचेखाली कॉर्क लपवून आली होती म्हणून?"

"तू नाही, मी—"

"बूट माझ्या पायात होते, बाबा. नाही म्हणायचं होतं ते मी म्हटलं नाही." तिने नाकावरून मनगट फिरवलं. "हळू म्हणाले तर म्हणू देत. लबाड नको. तुम्हाला माझी शपथ."

काकांनी तुकडे खिशात घातले. सांगावं तर पोर लबाड ठरते, गप्प बसावं तर मंद ठरते. इतकी वर्षं दोन पायांचं माप जुळवणाऱ्या माणसाला या दोहोंतला फरक कुठल्याच कॉर्कने भरता येईना.

सर यादी खिशात घालत बाहेर आले. काकांना पाहून थांबले. "काही काम होतं, काका?"

"नाही. सहज." काकांनी लेकीकडे पाहिलं. ती शपथ घातलेल्या डोळ्यांनी बघत होती. "एक विचारू? गार्डला काय जास्त लागतं? उंची, की पायांतली चपळाई?"

"म्हणजे काय! गार्डला पाय आधी. उंची हवी ती टोपलीखाली खेळणारींना. गार्ड ठेंगणी असली तरी पळाली, की मी डोळे झाकून घेतो. हिच्याबद्दल तर मला खात्रीच होती हो. पहिलं नाव हिचंच धरलं होतं मनात." त्यांनी प्रेमाने मुलीकडे पाहिलं. "पण काय झालं, यंदा उंची आली आणि पाय गेले. होतं असं या वयात."

काकांचा हात खिशात होता.

"हो," ते म्हणाले. "होतं असं."