खाली मोठा तो छोटा

गदगजवळच्या दोन खोल्यांच्या शाळेत नीलगंगाबाई हुडेद, म्हणजे मुलांच्या अक्कोरू, बावीस वर्षं चौथीला शिकवत होत्या. सापाला, मुख्याध्यापकांना आणि सासूला त्या कधी भ्याल्या नाहीत. भ्यायच्या त्या फक्त अपूर्णांकांना. लहानपणी त्यांच्या मास्तरांनी चुकीला एक पट्टी या दराने हा विषय त्यांच्या तळहातावर उतरवला होता. डोक्यापर्यंत तो पोचला नाही. पोचली ती एकच ओळ: खाली मोठा तो छोटा. म्हणून एक छेद आठ हा एक छेद पाचपेक्षा लहान. एवढी ओळ मुलांकडून तालात घोकून घ्यायची, पुस्तकातली पाच उदाहरणं उरकायची आणि धडा मिटायचा. दरवर्षी तो मिटला की त्या घाम पुसत.

यंदा तपासणीला इटगी साहेब आले. त्यांनी पुस्तक बाजूला सारून फळ्यावर लिहिलं: तीन छेद चार, पाच छेद सहा.

"मोठा कोणता?"

अक्कोरूंनी घाईने पानं चाळली. हे पुस्तकात नव्हतं.

वर्ग मात्र गरजला, "तीन छेद चार! खाली मोठा तो छोटा!"

मागून एक बारीक आवाज आला. "पाच छेद सहा, सर."

फकिरव्वा होती. अक्कोरूंनी डोळे वटारले. "गप गं! सगळा वर्ग येडा आणि तू एकटी शाणी?"

साहेबांनी मान डोलावली. चाळीस पोरं एवढ्या जोरात ओरडतात म्हणजे बरोबरच असणार. त्यांनी कच्च्या मुलांच्या रकान्यात फकिरव्वाचं नाव लिहिलं. त्या रकान्यातल्यांना पुन्हा चौथीत बसवायचं होतं. आणि फकिरव्वाच्या बापाने सांगूनच ठेवलं होतं, एकदा मागे राहिलीस की शाळा बंद, मिरच्या तोडायला चल.

जेवणाला शेंगदाण्याच्या पोळ्या होत्या. साहेबांना तुकडे मोठे आवडतात की बारीक, हे ठाऊक नसल्याने अक्कोरूंनी एका पोळीचे चार केले, तेवढ्याच दुसरीचे सहा. साहेबांनी दोन्हींतला एकेक उचलला.

अक्कोरूंची नजर दोन्ही ताटांवर खिळली. चारांतला एक गेला तिथे खिंडार पडलं होतं. सहांतला एक गेला तिथे जेमतेम फट. जास्त उरलं होतं ते सहाच्या ताटात. बावीस वर्षं! किती फकिरव्वा गप्प केल्या, कोण जाणे.

साहेबांनी सहीसाठी पेन काढलं. आता गप्प बसलं की सुटका होती. त्यांची.

"साहेब, ती पोरगी बरोबर होती."

साहेबांचा घास थांबला. त्यांनी ताटांकडे पाहिलं, मग खिशातली उत्तरांची यादी चोरून उघडली. तिथे पाच छेद सहाच होतं.

"हे कुणाला बोलू नका, अक्कोरू," ते हळूच म्हणाले.

"नाव खोडा."

"खोडतो हो. पण खाली बेरीज लिहून झालीय, एकूण कच्ची मुलं: एक. रकाना रिकामा कसा ठेवू?"

अक्कोरूंच्या तळहाताला जुनी पट्टी पुन्हा झोंबली. त्यांनी मूठ वळली.

"नीलगंगा हुडेद लिहा. चौथी."