चुलीत गेलेली काठी

परवा औशात एका सुताराच्या दुकानावरून जाताना जवसाच्या तेलाचा वास आला आणि माझं डोकं सणकलं. तो गंगाराम आठवला. नांदेडचा भोई, जन्म गोदावरीत गळ टाकण्यात गेलेला. माझ्यासाठी गळाची काठी करत होता. बांबू चुलीच्या धुरावर टांगायचा, तेल चोळायचा, पुन्हा टांगायचा. सहा महिने झाले तरी त्याचं एकच, "अजून वलसर हाय." शेवटी वैतागून मी दुकानातली फायबरची काठी घेतली आणि ऐटीत त्याच्या दारात उभा राहिलो.

त्यानं तिला हातही लावला नाही. माझी बांबूची काठी काढली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली.

"अरे, दुसऱ्या कुणाला द्यायची ना!" मी ओरडलो.

"दुसऱ्याच्या हाताला बसत न्हाई ती. निघ हितून."

जळताना मुठीवरची खाच दिसली. माझ्या वाकड्या अंगठ्यापुरती कोरलेली. तो अंगठा मी त्याला कधी दाखवलाही नव्हता.

केवढा माज, म्हणत मी निघालो. आजही तेच म्हणतो. फक्त दुकानातली काठी तासभर धरली की अंगठा ठणकतो, आणि शिव्या कुणाला द्यायच्या ते कळत नाही.