काटा म्हणाला ‘बंद’

वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यातल्या पाइपला कान लावून लोकांची भांडणं ऐकतात, अशी आमच्या बिल्डिंगमध्ये वदंता होती. ती पसरवण्यात माझा खारीचा वाटा होता. बरं, जरा मोठ्या खारीचा. खरं असं, की वहिनी स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि नळ बंद असूनही आतून पाणी पाझरतंय का, ते ऐकतात. आमची भांडणं तशीही गच्चीपर्यंत ऐकू येतात.

वहिनी कागदाच्या कारखान्यात व्हॉल्व्ह फिटर आहेत, बावीस वर्षं. धाकट्या दिराला त्यांनीच तिथं टाक्या धुवायला चिकटवलं. सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "पोराला तुझ्या भरवशावर पाठवतेय."

टाक्या म्हणजे लगदा शिजवायचे खोलीएवढे हंडे. त्यांच्या वाफेच्या नळीवर व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावर ताटाएवढा लोखंडी डबा. डब्यात हवा भरली की दांडा नळीतलं झाकण घेऊन वर जातो, वाफ सुटते. हवा काढली की स्प्रिंग दांडा खाली दाबते, वाफ बंद. दांड्याला काटा. काटा ‘बंद’ म्हणाला की साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे माना डोलावणार.

गेल्या महिन्यात, सुट्टीनंतर बॉयलर नुकताच पेटला होता. दीर तीन नंबरच्या टाकीत उतरून बेसूर गात घासत होते. वहिनींनी जाता जाता तिच्या व्हॉल्व्हला स्क्रूड्रायव्हर लावला.

आत बारीक सूं... सूं...

पुन्हा लावला. तेच. काटा मात्र ठार ‘बंद’वर.

वहिनी नळीच्या मागच्या हातचाकाकडे धावल्या; ते आवळलं की वाफ हातानंच बंद होते. माणूस आत उतरायच्या आधी ते आवळायचा नियम. ‘दहा मिनिटांचं तर काम’ म्हणून कोणी आवळलं नव्हतं. आता ते गंजून जाम. दोन्ही हातांनी लटकल्या, तसूभर हललं नाही. आणि हाताखालची नळी वाजायला लागली. टक्. टक् टक्. थंड लोखंड तापताना वाजतं तसं. बॉयलरवाल्यानं आता मुख्य वाफ पूर्ण सोडली होती.

"भाऊजी, वर या!"

"वहिनी, एक कोपरा राहिलाय."

"कोपरा गेला खड्ड्यात! वर या म्हणते ना!"

सुपरवायझर साहेब आले. "अहो, काटा बघा. स्क्रीनवरही बंदच आहे. कशाला माणसाला घाबरवताय?"

वहिनी त्यांना ओलांडून टाकीच्या तोंडाशी धावल्या. टक् टक् आता टाकीच्या अंगापर्यंत आलं होतं. दिरांचं डोकं वर आलं, खांदे आले, आणि पोट टाकीच्या तोंडात अडकलं. आम्ही ज्या पोटाची रोज थट्टा करतो, तेच. "वहिनी, खाली गरम लागतंय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. तेव्हा कुठे साहेब पुढे झाले. एका बगलेला ते, एका बगलेला वहिनी. शर्ट फाटला, कातडी सोलली, माणूस बाहेर पडला. त्यांचा बूट टाकीबाहेर निघतोय तोच मागून पांढरी वाफ फुत्कारत आली.

नंतर कळलं, दांडा आणि आतलं झाकण यांची पकड निसटली होती. दांडा काट्यासकट खाली आला होता. झाकण अर्ध्यावरच राहिलं होतं.

वहिनी जमिनीवर बसून होत्या.

"पण काटा तर बंद दाखवत होता," साहेब पुटपुटले, "तुम्हाला त्याचा भरवसा का वाटला नाही?"

"काटा बाहेर होता, साहेब. भाऊजी आत होते."