मुकं घर पाडायचं नाही

सगळे त्याला पाडक्या म्हणत. जुनी घरं पाडणं हा त्याचा धंदा. चिडला की माणसावरही हात टाकी. दारूवाल्याचे दात आणि सख्ख्या मेहुण्याची बरगडी त्याच्याच नावावर होती. मान खाली घाली ती फक्त बखरकाकांपुढे.

काकांनी शहराचा इतिहास लिहिला होता, पण लोकांना तो त्यांच्या तोंडून ऐकायला आवडे. घर पाडायचं ठरलं की ते छत्री टेकत हजर होत. कोण जन्मलं, कोण पळालं, कुणाचा मुडदा कुठल्या दाराने निघाला, सगळं सांगत. "घर पाड बाबा," म्हणत, "पण मुकं पाडू नकोस." गोष्ट संपल्याशिवाय पाडक्याने कधी घण उचलला नव्हता.

काका गेले. पाडक्या रडला नाही. घरी आला आणि अंगणातला धडधाकट हौद त्याने फोडून काढला.

"आता पाणी काय तुमच्या टाळक्यात भरू?" बायको म्हणाली. तो तुकड्यांवर तसाच बसून राहिला.

मग काकांच्या थोरल्या बहिणीने त्याला काकांच्या घरी बोलावलं. "हे घर पाड."

"ताई, लोक स्मारक करायचं म्हणतायत."

"लोकांचं काय जातंय?" तिने त्याला स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी नेलं. "बाबांनी आईचं डोकं इथं आपटलं. थांबलेच नाहीत. तिचे केस चुन्यात अडकले होते, ते मी सोडवले. तुझा काका तेव्हा टेबलाखाली होता."

पाडक्या भिंतीपासून मागे सरला. "काका कधी बोलले नाहीत."

"बोलला असता तर या गल्लीत राहता आलं नसतं."

सकाळी तो घण घेऊन आला तेव्हा दारात गर्दी होती. पुढे शेजारचा म्हातारा शिंपी, काकांचा सगळ्यात जुना श्रोता. त्याचे डोळे रडून सुजले होते.

"हात लावलास तर हात राहणार नाही," शिंपी म्हणाला.

"बाजूला व्हा."

दगड आला. पाडक्याची भुवई फाटली. दुसरा दगड दातांवर बसला. त्याची मूठ वळली; एका फटक्यात शिंप्याचा जबडा निखळला असता. पण घर अजून मुकं होतं. तो उंबऱ्यावर चढला, रक्त थुंकला आणि आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट सांगू लागला.

"या घरात काकांच्या आईला नवऱ्याने ठार मारलं. भिंतीवर आपटून. मध्यरात्र होती, गल्ली झोपली होती, त्यामुळे कुणाला..."

"दुपार होती," ताई मागून म्हणाली. "नीट सांग. खिडक्या उघड्या होत्या. ती एकेकाला नावाने हाका मारत होती." तिने शिंप्याकडे पाहिलं. "तुझ्या वडिलांचं मशीन थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. तू तेव्हा काजं करायला बसायचास त्यांच्याशेजारी."

शिंप्याच्या हातातला दगड हातातच राहिला. टाकायचा की ठेवायचा, त्याला कळेना.

पाडक्या आत गेला. धूळ बाहेर जाऊ नये म्हणून तो एरवी आधी खिडक्या लावून घेई. आज त्याने एकेक खिडकी सताड उघडली आणि त्या भिंतीवर पहिला घाव घातला.